खोक्यावरचं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते ते नाव घरापुरतं. कागदोपत्री माणसाला जन्मभर चिकटतं ते नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिलेलं असतं. भिवंडीतल्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात बसून मी एकतीस वर्षं ते रजिस्टर लिहिलं. सगळे मला गुप्तेबाई म्हणायचे. शिकवणाऱ्या बाई वेगळ्या आणि ऑफिसातल्या बाई वेगळ्या. शिकवणाऱ्या बाईंना मुलं घाबरतात, ऑफिसातल्या बाईंना पालक.

हे रजिस्टर म्हणजे दोन्ही हातांनी उचलावं लागणारं, कापडी पाठीचं एक धूड असतं. मूल शाळेत आलं की त्यात त्याची एक ओळ पडते. नाव, वडलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्माचं गाव. पुढे दहावीचा फॉर्म त्या ओळीवरून भरला जातो, शाळा सोडल्याचा दाखला त्या ओळीवरून निघतो, आणि मग कॉलेज, नोकरी, पासपोर्ट, सगळी वरात तिच्यामागून चालते. त्यात एक काना चुकला तर तो माणूस निवृत्त होईपर्यंत त्या कान्यामागे धावतो. म्हणून लिहिण्याआधी मी पालकांना नाव तीनदा विचारायची.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला नावांचा काही त्रास नव्हता. एका वर्गात चार संतोष आणि तीन सुनीता असत, आडनावाने हाक मारली की काम भागे. पुढे नावांची पुस्तकं आली, मग मोबाइल आला, आणि कुणालाच दुसऱ्याच्या मुलाचं नाव आपल्या मुलाला नको झालं. गंमत अशी की वेगळेपणा शोधायला सगळे एकाच ठिकाणी जात होते. एका वर्षी पहिलीच्या एकाच तुकडीत हृदांश, रिधांश, रियांश आणि रुद्रांश असे चौघे दाखल झाले. हजेरीला कुणाचंही नाव घेतलं तरी चौघेही हजर म्हणायचे. हृदांशच्या आईने येऊन बजावलं की आमचा 'हृ' आहे, 'रि' नाही. बोलताना फरक काय पडतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, फरक मनात असतो.

शर्वरी नावाच्या एका मुलीच्या आई अंकशास्त्रवाल्याकडे जात. नाव चांगलं, सरळ, पण स्पेलिंगात त्यांना एक आर जादा हवा होता आणि शेवटी दोन आय. पाचवीत त्या जादा आर काढून घ्यायला आल्या. सातवीत त्यांना एक एच घालायचा होता. कुठे घालू, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या कुठेही चालेल, बेरीज पाच आली की झालं.

अशा वेळी मी पालकांना समजावायची आणि पुष्कळदा ते ऐकायचे. तेव्हा बऱ्याच मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा असे. जन्माची नोंद झालेली, नाव मागाहून घालायचं राहून गेलेलं. त्यामुळे नाव खऱ्या अर्थाने ठरायचं ते माझ्या टेबलापाशी. एकदा रोहिदास आणि गीता असं जोडपं मुलीला घेऊन आलं. दोघांच्या नावांतून एकेक तुकडा घेऊन त्यांनी मुलीचं नाव केलं होतं, रोगिता.  हे नाव तीनदा मोठ्याने म्हणा, एवढंच मी त्यांना सांगितलं. तिसऱ्या वेळी गीताबाई मध्येच थांबल्या आणि नवऱ्याकडे बघू लागल्या. दोघं बाहेर व्हरांड्यात गेले, अर्ध्या तासाने आत आले आणि मुलीचं नाव गौरी असं सांगितलं.

पुढच्या दिवाळीला त्यांनी मला करंज्या आणून दिल्या. ते यश माझ्या डोक्यात गेलं, हे आता कबूल करते. मुलांना वेड्यावाकड्या नावांपासून वाचवणं हे आपल्या कामातच मोडतं, असं मी धरून चालले. बाळाराम घरत माझ्यासमोर उभा राहिला तो याच दिवसांत.

बाळाराम मूळचा दिघाशीचा. थोडी भातशेती गावात, आणि पोटासाठी कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचं काम. बायको कमळ आणि मुलगी यांना घेऊन तो आमच्या शाळेच्या मागे एका चाळीत राहायला आला होता. जूनमधली गर्दी होती, त्याच्यामागे वीसेक पालकांची रांग होती. मुलगी सहा वर्षांची, काटकुळी, बापाच्या विजारीला धरून उभी. जन्मदाखल्यावर रकाना कोरा. मी नाव विचारलं. तो म्हणाला, "फ्रॅजिला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. हे नाव कुठून काढलं, असं विचारल्यावर म्हणाला की गोडाऊनमध्ये खोक्यांवर असतं. काचेच्या मालाच्या खोक्यांवर लाल अक्षरांत 'फ्रॅजाइल' छापलेलं असतं, ते त्याने उचललं होतं आणि मुलीचं म्हणून शेवटी 'ला' केलं होतं.

त्याने पुढे काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, एवढं मला आठवतं. "म्याडम, ही झाली ना तवा," असं तो म्हणाला आणि मी त्याला थांबवलं. मागे रांग होती. मी त्याला सांगितलं की हे नाव नाही, मालाची सूचना आहे. पोरीला जन्मभर लोक विचारत राहतील. त्यापेक्षा जवळचं, चांगलं मराठी नाव घ्या. प्राजक्ता. सुरुवातीला प्र आहे, मध्ये ज आहे, ऐकायलाही गोड आहे.

त्याने खाली पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं. तुमी लिवाल तो नाव."

मी लिहिलं. ठळक अक्षरात, प्राजक्ता बाळाराम घरत. अक्षर माझं चांगलंच होतं. तो दिवस सत्कारणी लागला असं मला वाटलं.

त्यानंतर नऊ वर्षं मी प्राजक्ताला येताजाता पाहिलं. काटकुळी पोर सातवीपर्यंत अशी भरली की शाळेच्या कबड्डी संघात तिला धरायला तिघी लागत. आंतरशालेय सामन्यात तिने समोरच्या संघाच्या कप्तानबाईला उचलून रेषेबाहेर ठेवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या वर्गात आणखी दोन प्राजक्ता होत्या. म्हणून बाई त्यांना प्राजक्ता ए, बी आणि सी म्हणायच्या. आमची सी. माझ्या सुचवण्याचा हा परिणाम कानावर आला तेव्हा मी फारसा मनाला लावून घेतला नाही.

ती दहावीत गेली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी फॉर्म भरण्याचं काम चालू होतं. दहावीच्या फॉर्मवर जे नाव जाईल ते कायमचं, त्यामुळे नाव बदलण्याचे अर्ज नेमके याच दिवसांत येतात. चमत्कारिक नावांची मुलं आता मोठी झालेली असतात आणि त्यांना साधी नावं हवी असतात. एका दुपारी प्राजक्ता ऑफिसात आली आणि तिने माझ्यासमोर अर्ज ठेवला. प्राजक्ता हे नाव बदलून फ्रॅजिला करण्यात यावे, ही नम्र विनंती.

मी तो मुख्याध्यापक सावंतसरांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "बाई, पोरीने अर्ज उलटा लिहिलाय का?"

मीही तिला तेच विचारलं. तिने दप्तरातून एका जुन्या खोक्याचा कापलेला तुकडा काढला. तळहातापेक्षा थोडा मोठा, कडा मऊ पडलेल्या. त्यावर लाल अक्षरं आणि शेजारी पेल्याचं चित्र. घरातली ट्रंक आवरताना तिला तो तिच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवलेला सापडला होता. शाळेत येईपर्यंत घरात तिला नुसतं पोरी म्हणत, त्यामुळे ते नाव तिला ठाऊक नव्हतं; आईला विचारल्यावर आईने तिला सगळं सांगितलं होतं. ते तिने मला उभ्या उभ्या सांगितलं.

तिच्याआधी कमळची दोन बाळं गेली होती. ही सातव्या महिन्यात झाली. महिनाभर हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. बाळारामला आत सोडत नसत, हात लावू देत नसत. तो दाराच्या काचेतून बघायचा आणि कामावर जायचा. तिथे दिवसभर त्या लाल अक्षरांची खोकी उचलायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. एक दिवस त्याने सुपरवायझरला त्या शब्दाचा अर्थ विचारला. सुपरवायझर म्हणाला, आतला माल नाजूक आहे, सांभाळून धरा, आपटू नका, वर ओझं ठेवू नका. बाळारामने त्याच दिवशी तो तुकडा कापून घेतला आणि बायकोला जाऊन सांगितलं की पोरीचं नाव ठरलं.

हे ऐकताना माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अगं, पण तू कबड्डीत लोकांना उचलून टाकतेस. तुला नाजूक म्हणायचं?"

ती म्हणाली, "तेव्हा होते ना मॅडम."

 मी तिला कागदांची यादी काढून दिली. पण मुलगी अठरा वर्षांखालची, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर वडलांची सही पाहिजे. इथेच घोडं अडलं होतं. बाळाराम सही द्यायला तयार नव्हता. गुप्तेबाईंनी ठेवलेलं नाव आहे, ते बदलायचं नाही, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं. गावातही तो सगळ्यांना मानाने सांगायचा म्हणे, की माझ्या पोरीचं नाव शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ठेवलंय.

मुदत संपायला आठवडा होता आणि बाळाराम भातकापणीसाठी दिघाशीला जाऊन बसला होता. रविवारी मी प्राजक्ता आणि कमळबरोबर शेअर रिक्षाने निघाले. नऊ वर्षांपूर्वी मीच ज्याला समजावून ते नाव सोडायला लावलं, त्यालाच ते परत घ्या म्हणून समजावायला मी चालले होते. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. पालकांना नाही म्हणायची वाक्यं मला तोंडपाठ होती. ही वेगळी होती आणि रिक्षाच्या धक्क्यांनी ती सारखी विस्कटत होती.

बाळाराम खळ्यावर भात झोडत होता. मला बघून त्याने पेंढी खाली ठेवली, हात पुसले आणि घरातून खुर्ची आणवली. कोरा चहा झाला. मी विषय काढला. हे नाव चांगलं आहे, मागे अर्थ आहे, पोरीची इच्छा आहे, कागदांचं मी बघते, असं सगळं बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला की म्याडम, तो नाव न्हाय, तुमीच बोलल्या व्हत्या. नंतर गोडाऊनमध्येही सगळ्यांना कळलं आणि लोकांनी चेष्टा केली. तो सुपरवायझर म्हणाला होता, पुढच्या पोराचं नाव 'धिस साइड अप' ठेव.

मला हसू आलं आणि मी ते ओठांतच दाबलं. पण बाळारामने ते पाहिलं असावं.

"तुमी पन हसल्या व्हत्या म्याडम," तो म्हणाला. "त्या दिवशी. मागची रांगेतली मानसं पन हसली. मी तवा काय बोललो न्हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला हसल्याचं आठवत नव्हतं. मला माझं ठळक अक्षर आठवत होतं, प्र आणि ज आठवत होते. हसले असणार. त्याच्या पोरीच्या देखत, वीस माणसांच्या समोर. मी विसरले होते आणि तो नऊ वर्षं ते सांभाळून, वर माझंच नाव गावात मोठं करत होता.

एकतीस वर्षांत मी कुठल्याही पालकाची माफी मागितली नव्हती. चूक पालकाचीच असते, अशी ऑफिसात आमची पक्की समजूत होती. त्या खळ्यावर, सगळीकडे भाताचा भुसा उडत असताना मी म्हटलं, "बाळाराम, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही."

तो इतका गडबडला की मी खुर्चीवरून उठून त्याच्या पाया पडते की काय असं वाटून त्याने दोन्ही हात पुढे केले. असं बोलू नका म्हणाला. कमळकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग हळूच विचारलं की लोक हसले तर. उत्तर कमळने दिलं. ती म्हणाली, "हसनाऱ्याला ती बघून घेल. तिची काळजी तुमी नका करू." प्राजक्ता पेंढ्यांच्या राशीवर बसली होती. तिचे दंड बघून बाळारामलाही ते पटलेलं दिसलं.

मग वाद निघाला तो स्पेलिंगचा. नाव परत घ्यायचं ठरलं की माणूस किती चटकन मालक होतो ते मी तिथे पाहिलं. पोरीला मध्ये इंग्रजी 'जी'च्या जागी 'जे' हवा होता, म्हणजे वाचणारा चुकणार नाही. बाळारामने खोक्याचा तुकडा मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ती सातही अक्षरं त्याला आकाराने पाठ होती. "हेच्यातला एक पन अक्षर हलवायचा न्हाय," तो म्हणाला. मी सांगितलं की असंच्या असं लिहिलं तर पुढचा प्रत्येक कारकून हिला खोकं समजेल. तो ऐकेना. हृदांशची आई परवडली असं मला वाटायला लागलं. शेवटी तह झाला. पहिली सहा अक्षरं खोक्यावरची, त्यांना कुणी हात लावायचा नाही. शेवटच्या ईच्या जागी ए.

त्याने सही केली. मराठीत, एकेक अक्षर सावकाश. मी कागद पिशवीत घालत होते तेव्हा त्याने मला विचारलं, "आनि म्याडम, प्राजक्ताचा काय करायचा? नऊ वर्सं हाक मारलीय तिला."

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. खोडलेल्या नावाचं काय होतं, याचा रकाना आमच्याकडे नसतो. मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "ते घरात राहू दे बाबा. मला चालेल."

पुढचे दिवस धावपळीचे गेले. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, शिक्षण खात्याची परवानगी. हे काम एरवी मी पालकांना यादी देऊन त्यांच्यावर सोडायची. या वेळी स्वतः फिरले. अर्ज टाइप करायला गेलो त्या दुकानातला कॉम्प्युटर फ्रॅजिला लिहिलं की शेवटचा ए काढून आपणहून ई घालायचा. तीनदा घातला. तो बाळारामच्या बाजूचा होता. फॉर्म उशिराच्या मुदतीत एकदाचा गेला आणि परवानगीचं पत्र आल्यावर मी रजिस्टर काढलं. रजिस्टरात पांढरी शाई चालत नाही. जुनं नाव लाल शाईने एका रेघेत खोडायचं, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, वर नवं लिहायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. मी माझंच ठळक अक्षर खोडलं. सावंतसरांनी सही करताना माझ्याकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं.

निवृत्त व्हायला मला तेव्हा काही महिने होते. त्या महिन्यांत मी पालकांना नावांवरून एक शब्द बोलले नाही. नाव तीनदा विचारायची, बरोबर तसं लिहायची. फक्त एक नवा प्रश्न विचारायला लागले, हे नाव कसं सुचलं. रांग खोळंबायची. बहुतेक जण मोबाइलवर बघितलं एवढंच सांगत. पण कुणी कुणी थांबून सांगू लागे आणि मी पेन खाली ठेवून ऐकून घेई.

फेब्रुवारीत हॉलतिकिटं आली. पालकांनी यायची गरज नसते, पण बाळाराम अर्धा दिवस सुट्टी टाकून, धुतलेला शर्ट घालून आला. मी हॉलतिकीट त्याच्या हातात दिलं. त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवत सहा अक्षरं तपासली. सातव्यावर जरा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी शर्टाच्या आत घातली आणि वरून हात ठेवला.

मुलगी फाटकाजवळ मैत्रिणींशी बोलत उभी होती. बाळाराम व्हरांड्याच्या पायरीवर गेला आणि त्याने तिला हाक मारली.

"प्राजक्ते, चल गं."

ती लगेच आली.